खिडकीवरची ओली चादर

चाचा, सलाम.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवील. नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण चारचौघांसमोर लिहितेय, कारण ज्यांनी मला फसवलं त्यांच्याबद्दल मी गल्लीभर बोलले होते. मग ज्यानं सावरलं त्याच्याबद्दल घरात बसून मनातल्या मनात आभार मानणं मला बरोबर वाटेना.

तुम्ही आमची भिंत धुतलीत, दगडांमधल्या दरजा भरल्यात, गच्चीवरचं पाणी मोकळं केलंत. त्याची मजुरी तुम्ही घेतली, मी दिली, तो हिशेब झाला. हे पत्र त्या चादरीसाठी आहे. तिचा हिशेब काही माझ्याच्यानं होत नाही.

आमचं घर तुम्ही पाहिलंत, पण वाचणाऱ्यांना सांगते. लातूर जिल्ह्यातल्या औशातलं जुनं घर. खालचा मजला काळ्या दगडाचा, चुन्यात बांधलेला. वर माळवद, म्हणजे लाकूड-मातीचं छत होतं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या तालुक्यात कुणालाच विसरता येत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली, आणि किल्लारीसकट गावंच्या गावं मातीत बांधलेल्या दगडी भिंती अन् जड माळवदाखाली गेली. आमच्या घराला भेगा पडल्या, पण घर उभं राहिलं. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, आजही सांगतात, "मातीत असतं तर बसलं असतं. चुन्यानं धरलं." त्यानंतर त्यांनी माळवद उतरवलं आणि स्लॅब टाकला. खालच्या भिंतीला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. त्या भिंतीवर त्यांचा जीव आहे, कारण त्या रात्री तिच्या आत आठ माणसं झोपलेली होती.

अंगणात लिंब आहे, कडुलिंब, मामांच्या वडिलांनी लावलेला. चैत्रात तो फुलला की रात्रभर गच्चीवर फुलांचा सडा पडतो. पाडव्याला हीच फुलं आम्ही गुळात घालून खातो. पण मग वावधान सुटतं, सोसाट्याचा वारा. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधलं गाजर गवत, नांगरून तापत पडलेल्या काळ्या रानाची माती, लिंबाचा तो पिवळसर भुगा, सगळं एकत्र उडतं आणि त्यावर वळवाचे चार टपोरे थेंब पडतात. पुरता पाऊस पडला तर भिंत धुऊन तरी निघावी, पण तो पडतच नाही. आहे ती धूळ चिखल होऊन भिंतीला चिकटते, दुसऱ्या दिवशीच्या उन्हात वाळते, आणि मग वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर सुटून घरात येते. यंदा अक्षय्य तृतीयेच्या आधी लागोपाठ तीन संध्याकाळी असंच झालं. खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं की बोट पिवळं.

मामा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना दमा आहे. रस्त्याकडची खोली त्यांची, कारण त्यांना माणसं दिसायला हवीत. या दिवसांत ते आडवे होऊन झोपूच शकत नाहीत. उशीला टेकून, गुडघ्यावर हात ठेवून, बसल्या बसल्या रात्र काढतात. दम्याच्या पंपाचा आवाज मी भिंतीपलीकडून मोजत पडते.

आता मागच्या वर्षीचं सांगते. एकाला काम दिलं होतं. चांगल्या छापलेल्या कार्डवाला माणूस. गाड्या धुतात तसलं प्रेशरचं मशीन घेऊन त्याची दोन पोरं आली. दुपारी बारा वाजता, तापलेल्या भिंतीवर. मी शाळेत होते. घरी आले तर दगडांमधला चुना पाण्यासोबत अंगणात वाहत आलेला, पांढरा गाळ साचलेला. डाग निघेनात म्हणून पोरांनी ॲसिड मारलं होतं, आणि चुन्यावर ॲसिड पडलं की काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. भिंत फेसाळत होती. अख्खं टँकर संपलं. ज्या जिल्ह्यात २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, जिथं माझी बहीण भाजी धुतलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं पाणी झाडाला घालायची, त्या जिल्ह्यात अख्खं टँकर एका दुपारी गटारात. मामांची खिडकी सताड उघडी. त्या धुरळ्यानं आणि ॲसिडच्या वासानं त्यांना जे धरलं ते दोन रात्री दवाखान्यात काढाव्या लागल्या.

मी त्या माणसाला फोन केला. तो काय म्हणाला ते मी विसरणार नाही. "मॅडम, जुनी घरं अशीच असतात. पाडून टाका."

मामा ऐकत होते.

यंदा दुसऱ्या एकानं दोन हजार उचल घेतली आणि फोन बंद केला. तिसरा तर गाडीवरून उतरलासुद्धा नाही. मान वर करून भिंतीकडं बघितलं आणि म्हणाला, "लिंब तोडा आधी." माझे यजमान पुण्याला नोकरीला. महिन्यातून एकदा येतात. शेवटी मीच शिडी लावली, झाडू घेतला आणि चढले. तुम्ही समोरच्या घरी दाराचा जुना रंग खरवडायला आला होतात. तिथनं ओरडलात, "उतरा बाई खाली! ती शिडी हाय का सापळा?" मला राग आला होता, खरं सांगते. अनोळखी माणूस रस्त्यातनं ओरडतो म्हणजे काय. पण तुम्ही येऊन शिडी धरलीत, मी उतरले, आणि तुम्ही भिंतीला तळहात लावून बराच वेळ उभे राहिलात. बोट दरजेत घातलंत, बाहेर काढलंत, चोळून बघितलंत. "चुना कुणी काढला हिचा?" असं विचारलंत. घराबद्दल असं दुखून विचारणारा पहिला माणूस.

दुसऱ्या दिवशी सहाला आलात. ऊन नव्हतं. सामान उतरवलंत, काथ्याचा कुंचा, दोन बादल्या, घमेलं, रिठ्याचं पाणी. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही खिडकीपाशी उभे होतात, कान देऊन.

"आत कोण खोकलालंय?"

मी सांगितलं. दमा आहे, सासरे आहेत, खिडकी लावली तर गुदमरतात, उघडली तर धूळ येते. तुम्ही चहा तसाच कट्ट्यावर ठेवला. "चादर हाय का एखादी जुनी? जाड पायजे."

मी सासूबाईंची सोलापुरी चादर आणली. त्या गेल्यापासून ती कपाटात होती, का आणली मलाच कळलं नाही, जाड म्हटल्यावर तीच हाताला लागली. तुम्ही ती बादलीत बुडवली. पिळली, पण पूर्ण नाही. सुतळीनं गजांना बाहेरून बांधली, वरून चार गाठी, कडेनं दोन दोन. मग खाली विटा रचल्या, त्यावर पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवलं आणि चादरीचा खालचा काठ त्यात सोडला. मी बघत होते. तुम्ही म्हणालात, "आता ती आपली आपण पाणी पीत राहील." खरंच, काठापासून ओल हळूहळू वर चढत राहिली. दर थोड्या वेळानं तुम्ही शिडीवरून उतरून ओंजळीनं वरच्या भागावर पाणी मारत होतात. एवढं झाल्यावर मग भिंतीला हात लावलात. तोवर चहा गार झाला होता. दुसरा करते म्हटलं तर नको म्हणालात.

चाचा, मी अठरा वर्षं पोरांना शिकवतेय, पण कुणाची काळजी घ्यायची म्हणजे काय करायचं, हे मी त्या सकाळी अंगणात उभी राहून पाहिलं. मागच्या वर्षी आलेल्यांना भिंत दिसली. यंदाच्या एकाला उचल दिसली, एकाला झाड दिसलं. भिंतीच्या पलीकडं एक म्हातारा माणूस श्वास घेतोय हे तुम्हाला ऐकू आलं. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ते तुमचं कामही नव्हतं. त्याचे पैसे तुम्ही लावले नाहीत, उलट पाऊण तास तुमचाच गेला, आणि ऊन चढायच्या आत पश्चिमेची भिंत उरकायची घाई तुम्हालाच होती.

बाकीचं काम तुम्ही कसं केलं ते मी फार लिहीत बसत नाही, ते तुमच्या हाताला ठाऊक. पण दोन गोष्टी मी शाळेत पोरांना सांगितल्या. एक, भिंत भिजवायची ती खालून वर आणि धुवायची ती वरून खाली, नाहीतर कोरड्या भिंतीवरनं घाण पाणी उतरतं आणि रेघा कायमच्या राहतात. दुसरी, तुम्ही नळ किती दिवसांनी येतो हे आधी विचारलंत, मी आठ म्हटलं, आणि मग सगळी भिंत बादल्यांवर केलीत. भिंतीच्या पायाशी बारीक चर ओढून खाली आलेलं पाणी लिंबाच्या आळ्यात नेलंत. जो लिंब तोडा म्हणून मला सांगितलं होतं, त्याच्या बुडाशी.

गच्चीवरच्या पाईपच्या तोंडातनं तुम्ही जे काढलंत ते अजून डोळ्यांसमोर आहे. लिंबाच्या फुलांचे देठ, पालापाचोळा, माती, सगळं दबून वाकळीसारखं झालेलं. हातभर. मामांच्या खोलीच्या कोपऱ्यातली ओल कुठनं येत होती ते मला त्या दिवशी कळलं.

दरजांसाठी मी सिमेंटचं पोतं आणून ठेवलं होतं. तुम्ही ते परत पाठवलंत. "चुन्याला चुनाच लागतो बाई. सिमेंट ओल आत कोंडतंय, दगड सुटतोय." चुना भिजत घातलात आणि म्हणालात, आठ दिवसांनी येतो. मनात आलं, गेले हेही. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, आज सांगते, कारण माफी मागायची आहे. दोघांनी तोंडघशी पाडल्यावर माणूस पुढच्यावर आधीच संशय घेतो. नवव्या दिवशी सकाळी सहाला कडी वाजली. त्या दिवशी पोती ओली करून भिंतीवर टाकलीत, भरलेल्या दरजा एकदम वाळू नयेत म्हणून, आणि मला बजावून गेलात की संध्याकाळी पुन्हा ओल्या करा. मी केल्या. चार दिवस, रोज.

आता पुन्हा त्या पहिल्या दिवसाकडं येते, कारण जे सांगायचं ते राहिलंच आहे. दुपारी एकच्या सुमाराला मी मामांना जेवायला उठवायला गेले. खोलीत अंधुक उजेड होता, चादरीतून गाळून आलेला. गार वारा येत होता, ओल्या सुताचा वास येत होता. मामा आडवे झोपले होते. कुशीवर, हात गालाखाली. बाहेर तुमचा कुंचा भिंतीवर घासत होता, सर्र सर्र, आणि आत ते झोपले होते. महिनाभरात मी त्यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. ताट झाकून ठेवलं आणि दाराशी बसून राहिले.

उठल्यावर म्हणाले, "आज वारा कुठनं येलालाय असा? तुझ्या सासूचा वास आला." मी बाहेर जाऊन तुम्हाला ते सांगणार होते, पण मला बोलता आलं नसतं.

संध्याकाळी तुम्ही चादर सोडली. बाहेरची बाजू पिवळी-काळी झाली होती, चिखलाची नुसती साय. आतली बाजू पांढरी. तुम्ही ती दोन्ही हातांनी पसरून मला दाखवलीत आणि एवढंच म्हणालात, "हे सगळं त्यांच्या छातीत गेलं असतं." मग मी नको नको म्हणत असताना स्वतः धुतलीत, दोन पाण्यांनी, आणि दोरीवर टाकून गेलात.

ती चादर मी परत कपाटात ठेवली नाही. वावधान सुटलं की मीच बांधते आता. माझ्या गाठी तुमच्यासारख्या बसत नाहीत, वाऱ्यानं एक बाजू सुटते, पण घमेलं आणि विटा तुम्ही ठेवल्या होत्या तिथंच आहेत.

मृगाच्या आधी एकदा गच्चीचा पाईप बघायला येतो म्हणालात. या. या वेळी चहा गार होऊ देणार नाही. मामांना तुम्हाला भूकंपाच्या रात्रीचं सांगायचं आहे, भिंतीनं कसं धरलं ते. त्यांनी निरोप दिलाय, तो जसाच्या तसा लिहिते. "त्यांना म्हणावं, सकाळी या. दुपारी मी झोपलेला असतो."

तुमची,
लिंबाच्या घरातली बाई