व्हर्च्युअल डेस्कटॉप सर्व्हरचा पाया घालून देणाऱ्या मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आमच्या प्रशिक्षण केंद्रातील विद्यार्थी आता कोणत्याही संगणकावर बसले तरी त्यांना आपापला डेस्कटॉप मिळतो, आणि त्यामागची सर्व्हरची यंत्रणा उभी राहिली ती आपण फोनवरून व स्क्रीन शेअर करून दिलेल्या मार्गदर्शनामुळे. आपले आभार मी तोंडी मानलेच आहेत. तरीही हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे, कारण आपण दाखवलेली कामाची पद्धत हेच काम हाती घेणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल आणि तिचे श्रेय आपल्या नावावर राहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, म्हणजे सर्व्हरवरचा डेस्कटॉप दुसऱ्या संगणकावरून वापरू देणारी यंत्रणा, इन्स्टॉल करणे वरवर पाहता सोपे वाटते. सर्व्हर मॅनेजर उघडायचा, विझार्ड सुरू करायचा आणि तो विचारेल त्याची उत्तरे देत पुढे जायचे. आपण मात्र विझार्डला हात लावण्यापूर्वीच एक कोरा कागद घ्यायला सांगितलात आणि त्यावर दोन रकाने आखायला लावलेत. एका रकान्यात नंतर सहज बदलता येतील असे निर्णय आणि दुसऱ्यात एकदा घेतल्यावर मोडतोड केल्याशिवाय बदलता येणार नाहीत असे निर्णय. सर्व्हरचे नाव, डोमेन (एकाच व्यवस्थापनाखालच्या संगणकांचा आणि खात्यांचा समूह), सर्टिफिकेटवरचा, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्यावरचा पत्ता, वापरकर्त्याच्या फाइली व सेटिंग साठवणारी प्रोफाइल डिस्क ठेवण्याची जागा आणि लायसन्सचा प्रकार हे सारे दुसऱ्या रकान्यात गेले. कनेक्शन ब्रोकर, म्हणजे आलेल्या वापरकर्त्याला योग्य मशीनकडे पाठवणारा घटक, एकदा उभा राहिला की त्याच्या सर्व्हरचे नाव बदलणे म्हणजे बरीचशी मांडणी पुन्हा करणे, हे आपण तेव्हाच स्पष्ट केलेत. या कामात मला मिळालेल्या साऱ्या मदतीत या दोन रकान्यांचे मोल सर्वांत जास्त आहे.

त्यानंतरचा बराच वेळ इन्स्टॉलेशनच्या आधीच्या तपासणीत गेला आणि तो तसाच जायला हवा होता. सर्व सर्व्हर एकाच डोमेनमध्ये आहेत का, प्रत्येकाचा आयपी पत्ता स्थिर आहे का, डीएनएसमध्ये, म्हणजे संगणकांची नावे आणि पत्ते यांच्या नोंदणीत, नावावरून पत्ता आणि पत्त्यावरून नाव दोन्ही बरोबर मिळतात का, हे आपण एकेका सर्व्हरवर जाऊन माझ्याकडून तपासून घेतलेत. घड्याळाच्या बाबतीत तर आपण विशेष आग्रही होतात. डोमेनमधील ओळख पटवणारी कर्बेरॉस ही पद्धत दोन संगणकांच्या वेळेत सामान्यतः ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते आणि तो वाढला की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारले जाते. व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाला, एक वेळ तो चालवणारा खालचा हायपर-व्ही सर्व्हर सांगतो आणि दुसरी डोमेनमधील खाती सांभाळणारा डोमेन कंट्रोलर सांगतो, म्हणून खरा वेळ कोणाकडून घ्यायचा हे आधीच ठरवावे लागते, ही गोष्ट मी कोणत्याही पुस्तिकेत इतक्या नेमकेपणाने वाचलेली नव्हती.

सर्वांना स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन द्यावी, असा आमचा पहिला विचार होता. कोणता अभ्यासक्रम कोणते सॉफ्टवेअर वापरतो आणि त्यांपैकी कशाला अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात, एवढेच आपण विचारलेत आणि त्या उत्तरांतून चित्र बदलले. दस्तऐवज, हिशेब आणि ब्राउझर यांवर चालणारे काम सेशन होस्टवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या स्वतंत्र सत्रांमध्ये, उत्तम चालते. नेटवर्क आणि प्रणाली-व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र मशीनमध्ये फेरफार करावेच लागतात, म्हणून त्यांच्यापुरता सामायिक व्हर्च्युअल मशीनचा संच ठेवला आणि विद्यार्थी लॉग-ऑफ झाला की त्याची मशीन मूळ स्थितीला जाईल अशी व्यवस्था केली. मेमरी आणि डिस्क यांवरचा जो भार यामुळे टळला, तो पाहता माझ्या मते संपूर्ण आखणीतील हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता.

या संचासाठी नमुना मशीन, म्हणजे जिच्यावरून बाकीच्या मशीन बनतात ती, तयार करतानाचा प्रसंग थोडा सविस्तर सांगण्यासारखा आहे. नमुना मशीनमधील तिची स्वतःची ओळख पुसण्यासाठी सिसप्रेप हे विंडोजमधील साधन चालवावे लागते, आणि विंडोजची तपासणी पूर्ण करता आली नाही असे सांगून ते अर्ध्यावरच थांबले. इंटरनेटवर अशा वेळी दहा जण दहा उपाय सुचवतात. आपण एकही उपाय न सुचवता सिसप्रेपच्या फोल्डरमधील पँथर हे फोल्डर उघडायला आणि त्यातील सेटअप-अॅक्ट नावाची लॉग फाइल शेवटाकडून वर वाचत यायला सांगितलेत. तिथे एका अॅपचे पूर्ण नाव होते आणि ते एका वापरकर्त्यासाठी इन्स्टॉल झालेले असले तरी सर्व वापरकर्त्यांसाठी उपलब्ध केलेले नाही, असे सरळ लिहिलेले होते. नमुना मशीन इंटरनेटला जोडलेली असताना विंडोजमधील अॅप स्टोअर आपणहून अॅप अद्ययावत करते आणि त्यातून ही विसंगती निर्माण होऊ शकते, हे आपण तेव्हा समजावलेत. ते अॅप पॉवरशेलमधून, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाइप करण्याच्या साधनातून, काढले, मशीनचे नेटवर्क तोडले, तिची एक प्रत एक्सपोर्ट करून बाजूला ठेवली, सिसप्रेप पुन्हा चालवले आणि मशीन बंद झाल्यावर ती पुन्हा सुरू न करता तशीच संचासाठी वापरली. हा क्रम आता आमच्या नोंदवहीत जसाच्या तसा उतरवलेला आहे.

प्रोफाइल डिस्कबद्दल आपण दिलेली सूचना तर लाखमोलाची ठरली. प्रत्येक वापरकर्त्याची डिस्क ही सामायिक फोल्डरमधील एक स्वतंत्र फाइल असते, पण त्या फाइलच्या नावात माणसाचे नाव नसून त्याच्या खात्याचा लांबलचक ओळख क्रमांक असतो. त्यामुळे एखाद्याचे खाते पुसून त्याच नावाने पुन्हा तयार केले, तर नव्या खात्याला नवा क्रमांक आणि नवी रिकामी डिस्क मिळते, आणि आपल्या साऱ्या फाइली गेल्या असे त्या विद्यार्थ्याला वाटते. फाइली प्रत्यक्षात जुन्या डिस्कमध्ये सुरक्षित असतात. कोणाचा क्रमांक कोणता याची यादी ठेवण्याची आणि खाते पुसण्याऐवजी आधी नुसते निष्क्रिय करण्याची सवय आपण आम्हाला लावलीत. डिस्कचा कमाल आकार नंतर वाढवला तरी तो नव्या डिस्कलाच लागू होतो, हेही आकडा भरण्यापूर्वीच कळले, म्हणून २० जीबी हा विझार्डने सुचवलेला आकडा न स्वीकारता आम्ही गरजेचा हिशेब करून तो ठरवला.

सर्टिफिकेट चार ठिकाणी लावावे लागते आणि वापरकर्ता जो पत्ता टाकतो तोच त्या सर्टिफिकेटवर असावा लागतो. बाहेरून येणाऱ्यांसाठी ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट (नेटवर्कवरचे प्रवेशद्वार) फायरवॉलवर कधीही थेट उघडायचा नाही, गेटवे, म्हणजे मधला प्रवेश-सर्व्हर, उभारून ४४३ या सुरक्षित वेब पोर्टवरूनच प्रवेश द्यायचा. या दोन गोष्टींवर आपण कोणतीही तडजोड मान्य केली नाहीत आणि त्याबद्दल मी आपला विशेष ऋणी आहे, कारण घाईच्या दिवसांत नेमका हाच आग्रह सर्वांत आधी सुटतो. वापराचे परवाने देणारा लायसन्स सर्व्हर जोडला नसला तरी सेशन होस्ट १२० दिवस निमूटपणे चालतो आणि मुदत संपली की नव्या जोडण्या नाकारतो, म्हणून ती तारीख कॅलेंडरमध्ये न टाकता लायसन्सचे काम सुरुवातीलाच उरका, असे आपण म्हणालात. संगणक मोजके आणि ते आळीपाळीने वापरणारे विद्यार्थी पुष्कळ, म्हणून प्रत्येक उपकरणामागे लायसन्स घेणे आमच्यासाठी योग्य, हाही सल्ला आपलाच.

आणखी एका गोष्टीची नोंद करायलाच हवी. मुख्य अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड आपण एकदाही मागितला नाहीत. आपल्यासाठी वेगळे खाते तयार करायला सांगितलेत आणि काम संपताच ते बंद केल्याची खात्री करून घेतलीत. कोणताही मोबदला न घेता, आपल्या नोकरीचे काम सांभाळून आपण हा वेळ दिलात, आणि प्रत्येक आज्ञा माझ्या हातून टाइप होईल याची काळजी घेतलीत. त्यामुळे आज एखादी मशीन अडली तर मी कोणाची वाट न पाहता लॉग फाइल उघडतो.

पुढच्या टप्प्यात दुसरा कनेक्शन ब्रोकर जोडण्याचा विचार आहे. त्यासाठी ब्रोकरची माहिती सामायिक एसक्यूएल डेटाबेसमध्ये न्यावी लागेल, म्हणून त्याही कामाचे दोन रकाने आखायला घेतले आहेत. कागद पूर्ण झाला की आपल्याकडे पाठवीन. सवडीने त्यावर एक नजर टाकावी, ही विनंती.

आपला ऋणी,
प्रशिक्षण केंद्राचा सर्व्हर व्यवस्थापक