ओकोटियोला वाळका निवडुंग म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला कॅलिफोर्नियातल्या फाँट्स पॉइंटवरचा लेख वाचला. कड्यावरून खाली दिसणाऱ्या बोरेगो बॅडलँड्सच्या घळींचं वर्णन छान उतरलंय. पण ‘सभोवार वाळलेले निवडुंग’ वाचलं आणि राहवेना. ते ओकोटियो, तिथल्या वाळवंटातली काटेरी झाडं. निवडुंग नव्हेत आणि वाळलेले तर मुळीच नव्हेत. वर छायाचित्र छापलंत सग्वारो या उंच निवडुंगाचं! तो मुख्यतः ॲरिझोनाचा. फाँट्स पॉइंट ज्या उद्यानात आहे, त्या आन्झा-बोरेगोच्या रानात तो आपसूक उगवत नाही.

मुलीकडे सॅन दिएगोला होतो, तेव्हा जानेवारीत तिथं गेलो होतो. शेवटची चार मैल वाट कोरड्या ओढ्याच्या वाळूतून जाते. दोन पुरुष उंचीच्या त्या काटेरी काठ्या मलाही आधी सरपणच वाटल्या. उद्यानातल्या एका स्वयंसेवक बाईंनी सालीतल्या हिरव्या रेघा दाखवल्या. पानं नसली तरी झाड त्या सालीवर तग धरतं. मधे पाऊस झाला म्हणून पंधरवड्यानं मुद्दाम पुन्हा गेलो, तर बुडापासून शेंड्यापर्यंत बोटाच्या पेराएवढी पानं! ओल सरली की ती गळतात, पाऊस आला की पुन्हा फुटतात, वर्षातून कैकदा. मी म्हसवडचा. पावसाची वाट बघणं काय असतं ते मला ठाऊक आहे. त्या झाडाला कुणी वाळकं म्हटलेलं मला सोसत नाही.

‘फादर फाँट यांनी शोधलेला प्रदेश’ हेही चूक. फाँट हे आन्झा या स्पॅनिश लष्करी अधिकाऱ्याच्या दुसऱ्या मोहिमेचे धर्मगुरू. ते डिसेंबर १७७५ मध्ये इथून गेले. आन्झा स्वतः १७७४ मध्येच येऊन गेला होता, तोही सेबास्तियन ताराबाल या कोचिमी जमातीच्या वाटाड्याला घेऊन. सॅन गॅब्रिएल मिशनमधून, म्हणजे स्पॅनिश धर्मप्रसारकांच्या वसाहतीतून, पळालेल्या ताराबालनं हे वाळवंट आधीच तुडवलं होतं. त्या वाटेत त्याची बायको वारली. लेखात त्याचं नावसुद्धा नाही. काहुइया आणि कुमेयाय हे मूळचे लोक तर तिथं पिढ्यानपिढ्या राहत होते, मेस्कीट या काटेरी झाडाच्या शेंगा कुटून खात होते. आपल्या माळावरची वेडी बाभूळ त्या मेस्कीटचीच भाऊबंद. मराठी वाचकाला हे सांगायला नको होतं का?

आणखी एक. पुरवणीतलं झाडाझुडपांवरचं सदर गेल्या वर्षी आपण बंद केलंत. ते लिहिणाऱ्यांच्या नजरेखालून लेख गेला असता, तर सग्वारोचं चित्र छापलं गेलं नसतं. ते सदर पुन्हा सुरू करावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, म्हसवड