बर्फातल्या घोडीसाठी

चि. प्राजक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तिकडे इंग्लंडात न्यूमार्केटला बर्फ पडलाय, रपेट बंद आहे, घोडी दारावर लाथा मारते, एवढं तू सांगितलंस आणि फोन तुटला. तेव्हापासून मनात तेच घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

मे महिन्यातल्या वन थाउजंड गिनीची तुला काळजी लागलीय, ते कळतं. १८१४ पासून चालत आलेली शर्यत, आणि तुझ्या हातची घोडी त्यात उतरणार म्हटल्यावर जीव वरखाली होणारच. पण पोरी, बुडालेले दिवस भरून काढायला जाऊ नकोस. शर्यतीच्या सगळ्या घोड्यांसारखी १ जानेवारीला कागदावर ती तीन वर्षांची झाली. हाडं काही त्या तारखेला पक्की झाली नाहीत. थंडीत घोडं राखायचं. पळवायला पुढे दिवस आहेत.

राखायचं म्हणजे सगळ्यात आधी चंदी, घोड्याचा दाणा. काम बंद झालं की त्याच दिवशी ओट कमी झाले पाहिजेत, दुसऱ्या दिवशी नव्हे. महालक्ष्मी रेसकोर्सच्या तबेल्यात होतो तेव्हा सुट्टीनंतरच्या सकाळी हे फार पाहिलं. आदल्या दिवशी पूर्ण चंदी खाऊन उभा राहिलेला घोडा दुडकीवर जातो न जातो तोच घामाघूम होतो, मागचे पुठ्ठे दगडासारखे कडक, पाऊल उचलेना, लघवी कॉफीच्या रंगाची. असं दिसलं तर एक पाऊलही चालवू नकोस. तिथेच उभं करायचं, पाठीवर झूल टाकायची, डॉक्टरला बोलवायचं. तरुण घोड्या, त्यातही तापट स्वभावाच्या, यात जास्त सापडतात. तुझी तर दारावर लाथा मारणारी. ओट कमी केलेस म्हणून तिला उपाशी ठेवतोय असं मनात आणू नकोस. त्या जागी सुकं गवत वाढव. गवत पचताना आतड्यात जी ऊब तयार होते, ती ओटांतून तेवढी मिळत नाही.

दुसरं पाणी. एरवी दिवसाला पंचवीस-तीस लिटर पिणारं जनावर बर्फासारख्या पाण्याला तोंड लावून मागे सरतं. पाणी कमी आणि सुकं गवत जास्त, म्हणजे पोटशूळाला आमंत्रणच. बादलीवरचा बर्फ फोडून भागत नाही, कोमट पाणी घाल. रोज लीद बघ. गोळे लहान, कोरडे झाले की समज पाणी कमी पडतंय.

थंडी वाजेल म्हणून तबेल्याचं वरचं अर्धं दार मात्र लावू नकोस. अंगावरचे केस कापलेत, तर झूल दुहेरी कर, पण हवा खेळती ठेव. गवताची धूळ आणि मुताचा वास कोंडला की खोकला लागतो, आणि खोकल्याने जेवढे आठवडे जातात तेवढे बर्फानेही जात नाहीत. बाहेर काढशील तेव्हा खुरांच्या तळाला ग्रीस लाव, नाहीतर नालेत बर्फाचे गोळे बसतात आणि पाय मुरगळतो. आत आणल्यावर टाचेमागची घडी कोरडी पुसून घे. तिथे भेग पडली की चिखल आत शिरतो.

इकडे निफाडला पारा पाच अंशांच्या खाली गेला होता. द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या केल्या आणि बोअरचं पाणी सोडलं. ते हवेपेक्षा उबदार असतं, मणी तडकायचे वाचतात. तुझे आजोबा नाशिक रोडला टांगा हाकायचे. अशा थंडीत घोडा थेट जुंपलेला मी कधी पाहिला नाही. आधी खरारा, मग हाताने फिरवणं, मग जू. तूही तसंच कर. यंत्रावर फिरवणं होईल, आतल्या रिंगणात दुडकी होईल. वॉरन हिलची चढण उघडली तरी पहिल्या दिवशी हलक्या चालीवरच ने, तिने कितीही ओढ घेतली तरी. आणि ट्रेनरसाहेब थांब म्हणाले तर थांब. ते त्या मातीत वाढलेत.

तिथल्या लोकांनी याहून वाईट पाहिलंय. १९६३ च्या हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे शर्यती झाल्या नाहीत. जमीन गोठली तेव्हा लोकांनी घोडी समुद्रकाठच्या वाळूवर नेली. पुढे रेड रम तर साउथपोर्टच्या वाळूवरच तयार झाला. पाय दुखरे असलेला घोडा, आणि १९७३, १९७४, १९७७ अशी तीनदा ग्रँड नॅशनल, ती अडथळ्यांची मोठी शर्यत, जिंकला. त्याच्याबद्दल वाचलं की मला अजून भरून येतं. कुणीतरी त्याच्या पायांना सोसेल अशी जमीन शोधली आणि तिथेच त्याला पळवलं.

तू स्वतः नीट जेवतेस ना? आई हातमोज्यांचं विचारते. ओले हातमोजे घालून लगाम धरू नकोस, बोटं बधिर झाली की घोडीचं तोंड कळत नाही. दोन जोड ठेव.

पुढच्या वेळी फोन केलास की आधी एवढं सांग: चंदी किती केली, पाणी किती पिते, आणि डाव्या पुढच्या पायाला तू म्हणाली होतीस ती ऊब अजून लागते का. लागत असेल तर आजच साहेबांच्या कानावर घाल.

तुझे,
बाबा