मिठाईच्या ट्रेवर कर्बोदकांचा आकडाही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या सासऱ्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या दिवाळीत शहरातल्या एका दुकानातून त्यांच्यासाठी मुद्दाम ‘शुगर-फ्री’ वड्या आणल्या. साखर नाही म्हटल्यावर त्यांनी एका बैठकीत पाच खाल्ल्या, आम्हीही अडवलं नाही. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर रक्तातल्या साखरेचा आकडा आला तब्बल 268. दुकानात विचारायला गेले, तर “ताई, साखरेचा कणसुद्धा नाही त्यात,” एवढंच उत्तर मिळालं. कण नसेलही. पण वड्या खजूर आणि खव्याच्या होत्या. 100 ग्रॅम खजुरात साधारण 70 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे पचल्यावर रक्तातली साखर वाढवणारे पिष्टमय आणि गोड घटक असतात. खव्याचं म्हणाल, तर दूध आटताना पाणी तेवढं उडतं, दुधातली साखर खाली कढईतच राहते. गुळाबद्दलही घरोघरी हाच गैरसमज आहे. “गूळ चालतो हो” असं म्हणत चहात दोन खडे टाकणारे किती तरी जण मला माहीत आहेत. रक्तात गेल्यावर गूळही साखरच.

सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘या तारखेपर्यंत खावे’ असं लिहिणं 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक आहे. त्याच पाटीवर आणखी एक ओळ यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे: एका नगाचं वजन किती आणि त्यात कर्बोदकं किती. बंद पाकिटावर हे छापलेलं असतं, मग काचेआडच्या पेढ्यावर का नसावं? घाण्याला किती खवा, किती साखर, त्यातून किती नग, हे हलवायाला तोंडपाठ असतं. राहतो तो फक्त भागाकार.

हा हिशेब मी घरी शेंगापोळीसाठी करून पाहिला. सोलापूरच्या माणसाला संक्रांतीत शेंगापोळी खाऊ नको म्हणणं मला तरी जमत नाही, आणि “गोड बंद तर सण कशाला?” हे सासऱ्यांचं म्हणणं मला पटतं. वजनकाट्यावर एका पोळीला 30 ग्रॅम कणीक, 25 ग्रॅम गूळ आणि 25 ग्रॅम शेंगांचं कूट लागलं. कर्बोदकं भरली जवळपास 48 ग्रॅम. त्यातली 4 कुटाची, बाकी सगळी कणीक आणि गुळाची. आमच्याकडची ज्वारीची भाकरी 60 ग्रॅम पिठाची, म्हणजे साधारण 42 ग्रॅम. मग ठरलं की अर्धी पोळी, म्हणजे 24 ग्रॅम, खायची आणि तेवढ्याच्या बदल्यात त्या जेवणात अर्ध्याहून थोडी जास्त भाकरी सोडायची. सोबत दही, मेथीची भाजी. गूळही थोडा कमी करून कूट वाढवलं. पोळी जरा भुसभुशीत झाली, पण खमंग लागली. त्या दिवशी दोन तासांनी आकडा 162 होता. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र असा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा, प्रत्येकाचं शरीर वेगळं.

सासरे आता अर्धी पोळी चवीनं, सावकाश खातात. उरलेली अर्धी दुसऱ्या दिवसासाठी डब्यात.

आकडा माहीत असला की हे जमतं. सोलापुरात संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आता जवळ आली आहे. शेंगापोळी सुटी विकणाऱ्या दुकानदारांनी आणि बचत गटांच्या ताईंनी निदान या एका पदार्थापासून सुरुवात करावी, ही विनंती.

– एक वाचक, जुळे सोलापूर