दाताच्या एक्स-रेतला प्रत्येक काळा डाग कीड नसतो

महोदय,

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि जिथे अजून फिल्मवर दातांचे एक्स-रे काढले जातात तिथे फिल्म बिघडू लागतात. यंत्र तेच, काढणारा हातही तोच. पण डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारे द्रावण, तापलेले असते आणि चित्र धुरकट, काळपट निघते. त्याच फिल्मकडे बघून दाढ उघडायची, काढायची की राहू द्यायची हे ठरत असते. म्हणून हे पत्र.

डेव्हलपर २० अंश सेल्सिअसला असेल तर फिल्म त्यात ५ मिनिटे ठेवायची असते. २४ अंशांना ३ मिनिटे पुरतात, २७ अंशांना अडीच. त्याच्यावर गेले की वेळ कितीही कमी करा, धुरकटपणा येतोच, शिवाय फिल्मवरचा जिलेटिनचा थर इतका मऊ पडतो की नख लागले तरी सोलवटतो. पण पाच मिनिटांची सवय बाराही महिने चालू राहते, नाहीतर 'काळी दिसली की काढायची' हा डोळ्यांचा अंदाज. डेव्हलपरच्या डब्यात एक साधा थर्मामीटर हवा. बर्फाचा खडा थेट डेव्हलपरमध्ये टाकू नये, द्रावण पातळ होते. डबाच बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवावा. फिक्सर (चित्र पक्के करणारे द्रावण) आणि धुण्याचे पाणीही साधारण त्याच तापमानाचे हवे. गरम डेव्हलपरमधून काढलेली फिल्म एकदम माठाच्या गार पाण्यात बुडवली, तर थर आकसून त्यावर बारीक जाळी पडते आणि खालची हाडाची जाळी वाचता येत नाही. फिक्सरमध्ये १० मिनिटे, नंतर पाण्यात २० मिनिटे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात काटकसर नेमकी या शेवटच्या धुण्यात होते. मग फिक्सर राहिलेली फिल्म कालांतराने तपकिरी पडते आणि तुलनेसाठी जुनी फिल्म काढावी तर मुळाचे टोकच दिसत नाही. डेव्हलपिंग बॉक्सही, म्हणजे ज्या बंद पेटीत हात घालून फिल्म धुतात तीही, खिडकीशी ठेवू नये. लाल झाकणातूनसुद्धा उन्हाचा उजेड फिल्मला लागतो.

दुसरा दोष कोनाचा. वरच्या दातांसाठी ट्यूब (यंत्राचे किरण सोडणारे नळकांडे) पुरेशी तिरपी केली नाही तर दात लांबट दिसतो, फार तिरपी केली तर बुटका. रूट कॅनालची लांबी ठरवताना याचा हिशेब चुकला तर फाईल (मुळातली नळी साफ करायची बारीक सुई) मुळाच्या टोकाबाहेर जाते किंवा मधेच थांबते. रुग्णाला बोटाने फिल्म धरायला लावण्यापेक्षा होल्डर वापरावा. फिल्म दाताला समांतर राहते, ट्यूब कुठे टेकवायची ते होल्डरची कडीच सांगते, आणि रुग्णाचे बोट किरणांत येत नाही. मुळाच्या टोकापलीकडे २-३ मिलिमीटर हाड दिसत नसेल, तर त्या फिल्मवरून टोकाच्या गाठीबद्दल काहीही बोलू नये. दोन दाढांच्या कडा एकमेकींवर चढलेल्या असतील तर फटीतली कीड झाकली जाते. ती बघायला बाइटविंग, म्हणजे दातांत चावून धरायची फिल्म, हीच खरी, आणि ती फार कमी वेळा काढली जाते याची खंत वाटते.

फिल्म नीट आली तरी ती वाचताना घाई नको. खालच्या दुसऱ्या उपदाढेच्या टोकाशी गोल काळा ठिपका दिसला की पू साठल्याचा समज होतो. पुष्कळदा ते हाडातले नैसर्गिक छिद्र असते, ज्यातून ओठाकडे जाणारी नस बाहेर पडते. ट्यूब थोडी बाजूला सरकवून दुसरी फिल्म काढली की छिद्र मुळापासून दूर सरकते. गाठ असेल तर ती टोकाला चिकटूनच राहते. मुळाभोवतीची पांढरी रेघ अखंड असेल आणि बर्फाची काडी लावल्यावर दाताला गार कळत असेल, तर ती दाढ उघडायला जाऊ नये. वरच्या दोन पुढच्या दातांच्या मधेही असेच छिद्र असते. ते ६ मिलिमीटरपर्यंत असेल तर सहसा काळजी नसते, त्याहून मोठे वाटले तर पुढची तपासणी करावी.

दाताच्या मानेशी, इनॅमल संपते आणि हाड सुरू होते त्या पट्ट्यात, बाजूंना काळसर पाचर दिसते. तिथे किरणांना अडवायला कमी असते एवढेच तिचे कारण; खरी कीड आहे का, हे एक्सप्लोररने (टोकदार आकडीने) चाचपून आणि वेगळ्या कोनातून बघून ठरते. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायकांच्या दातांना गालाच्या बाजूने झिजून खाच पडलेली असते. तीही फिल्मवर मानेशी काळी दिसते. आरसा घालून गालाची बाजू पाहिली असती तर फिल्म बघून गोंधळ झाला नसता. याच्या उलटही असते: दाताचे खनिज साधारण ३० ते ४० टक्के गेल्याशिवाय कीड फिल्मवर उमटत नाही, त्यामुळे दिसते त्यापेक्षा ती आत नेहमी खोल असते.

मुलांच्या बाबतीत उशीर फार महाग पडतो. वरचा एक पुढचा दात येऊन सहा महिने झाले आणि शेजारचा आला नाही, तर 'येईल आपोआप' म्हणून वाट बघू नये. मधे जादा दात आडवा बसलेला असू शकतो आणि तो एका फिल्ममध्ये दिसतो. वरच्या सुळ्याच्या अलीकडच्या दातात कधी कधी दातातच दात असल्यासारखी आकृती दिसते. त्याच्या मागच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे भोक असते, त्यातून कीड बाहेर काही न दिसता थेट नसेपर्यंत पोचते. ते भोक वेळीच सिमेंटने बुजवले तर दात वाचतो. अडकलेल्या अक्कलदाढेच्या डोक्याभोवतीची काळी कड साधारण २-३ मिलिमीटर असते. ५ मिलिमीटरच्या वर गेली तर गाठीची शंका घ्यावी. गुटख्याने तोंड दोन बोटेही उघडत नसेल तर आत फिल्म कोंबू नये, ओपीजी, म्हणजे बाहेरून निघणारा संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढावा.

किरणांची भीती मात्र अवास्तव असते. दाताच्या एका छोट्या एक्स-रेची मात्रा साधारण एका दिवसात निसर्गातून मिळते तेवढीच. त्रास होतो तो निष्काळजीपणाने बिघडलेली फिल्म तीन-तीनदा काढण्याचा. पडताळणीसाठी वेगळ्या कोनातून मुद्दाम काढलेली दुसरी फिल्म ही वेगळी गोष्ट आहे, तिला रुग्णांनी नकार देऊ नये.

शेवटची विनंती रुग्णांना. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून तिचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला जातो आणि तिकडून सल्ला येतो. पण फिल्मच्या कोपऱ्यात एक बारीक उंचवटा असतो. तो आपल्याकडे येईल अशी फिल्म धरली तर रुग्णाची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते; उलटी धरली तर डावी दाढ उजवी होते. फोटोत तो उंचवटा दिसत नाही. म्हणून मूळ फिल्म पाकिटात घालून, वर तारीख आणि डावी की उजवी बाजू लिहून घेऊन, दवाखान्यात सोबत आणावी.

– एक दंतवैद्य, सोलापूर