‘हिमाद्री’चा पैसा बर्फाखाली आणि छताला लागू द्या

महोदय,

डेहराडूनच्या ‘हिमाद्री’ आइस रिंकवर ऑगस्ट २०२५मध्ये आशियाई खुली शॉर्ट ट्रॅक (बर्फावरच्या छोट्या गोल मार्गावरील वेगवान स्केटिंगची) स्पर्धा झाली आणि वर्षानुवर्षे कुलूपबंद असलेल्या त्या वास्तूत पुन्हा बर्फ दिसला. महाराष्ट्रालाही याचा आनंद व्हायला हवा. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत आपली मुले आइस स्केटिंगची पदके आणतात, पण त्यांचा वर्षभराचा सराव चाकांच्या स्केट्सवरच चालतो. भारतीय महिला आइस हॉकी संघाने २०२५मध्ये आशिया चषकात ब्राँझ मिळवले. त्या संघाचा कणा असलेल्या लडाख-हिमाचलच्या मुलींना नैसर्गिक बर्फ जेमतेम दोन महिने मिळतो. या सगळ्यांसाठी ६० बाय ३० मीटरची, छताखालची रिंक पुन्हा बंद पडणे परवडणारे नाही.

ही रिंक जानेवारी २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली गेली. तिथे आइस हॉकीही खेळली गेली. मग वीज आणि देखभालीचा खर्च झेपेना. शिमल्याची रिंक १९२०पासून टिकली, कारण तिथे उघड्या मैदानावर रात्री पाण्याचे पातळ थर मारले की थंडी आपले काम फुकटात करते. दूनच्या खोऱ्यात थंडी विकत घ्यावी लागते, आणि ती कुठून गळते हे पाहिल्याशिवाय केलेले नूतनीकरण म्हणजे नुसती रंगरंगोटी.

बर्फाचा थर असतो फक्त ३० ते ४० मिलिमीटर. त्याखालच्या काँक्रीटमध्ये साधारण १० सेंटिमीटर अंतराने नळ्या टाकलेल्या असतात. १८०० चौरस मीटरला हिशेब केला, तर ही लांबी सुमारे १८ किलोमीटर होते. त्यांतून उणे १० अंशांच्या आसपासचे ब्राइन (क्षारांचे पाणी) किंवा ग्लायकॉल, म्हणजे या थंडीतही न गोठणारे द्रव, फिरते. स्लॅबच्या खाली थर्माकोलसारखे उष्णतारोधक थर आणि त्याच्याही खाली जमीन ऊबदार ठेवणाऱ्या नळ्या लागतात. पैसे वाचवायला पहिली बंद होते ती ही ऊब, कारण तिचा उपयोग कुणाला दिसत नाही. मग काही महिन्यांत थंडी खाली उतरते, मातीतले पाणी गोठते, जमीन फुगते आणि स्लॅब वर उचलला जातो. एकदा नळ्यांना तडे गेले की सगळी फरशी उखडावी लागते. जमिनीखालचे तापमान ४ अंशांच्या खाली जाऊ द्यायचे नाही, एवढा एक आकडा रोज वहीत लिहिला तरी हे टळते.

दूनमधला खरा शत्रू मात्र पावसाळा आहे. ऑगस्टमधल्या हवेत घनमीटरमागे वीसेक ग्रॅम वाफ असते. हॉलमध्ये ती ५-६ ग्रॅमवर आणावी लागते. वाफेचा प्रत्येक ग्रॅम बर्फावर बसून गोठताना सुमारे २८०० ज्यूल उष्णता सोडतो, म्हणजे दार उघडे राहिले की कॉम्प्रेसर बाहेरच्या पावसाशी झुंजत बसतो. धुके साचते, गार छताला दव धरते आणि त्याचे थेंब टपकून बर्फावर टेंगळे उठतात. वेगात येणाऱ्या स्केटरचा पाय तिथे अडकला तर हाड मोडते. वाफ शोषणारी डिह्युमिडिफायर यंत्रणा आणि दुहेरी दारे ही इथे चैन नव्हे. छताला आतून चकचकीत ॲल्युमिनियमचा पडदा लावला, तर छताची उष्णता बर्फावर पडणे बहुतांशी थांबते. नूतनीकरणात सर्वांत लवकर वसूल होणारा खर्च हाच.

दूनचे पाणी जड आहे. क्षारांचे पाणी मऊ, पांढरट बर्फ देते, म्हणून ते आरओमधून काढूनच वापरावे. बर्फ घासून गुळगुळीत करणारे यंत्र दर फेरीला ४००-६०० लिटर पाणी पसरते. ते ६० अंशांच्या वर तापवलेले हवे: गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते चरे वितळवून थराला चिकटते. यंत्र बॅटरीवर चालणारेच असावे. बंद हॉलमध्ये इंजिनाचा धूर खेळाडूंच्या छातीत जातो.

रिंक बंद ठेवणे म्हणजे बचत, हा समजही चुकीचा आहे. थांबलेल्या कॉम्प्रेसरचे सील सुकतात, ब्राइनमध्ये हवा शिरून पोलादी भाग आतून गंजतात. कॅनडातल्या फर्नी या छोट्या गावाच्या हॉकी रिंकमध्ये ऑक्टोबर २०१७मध्ये जुन्या चिलरच्या (ब्राइन गार करणाऱ्या यंत्राच्या) नळीतल्या बारीक छिद्रातून थंडावा देणारा विषारी अमोनिया ब्राइनमध्ये मिसळला, पाइपाचा जोड सुटला आणि तीन माणसे गेली. तो चिलर बदलण्याची शिफारस आधीच झालेली होती. आपल्याकडे चिलरच्या नळ्यांची दाबचाचणी, ब्राइनची तपासणी आणि वायुगळतीचा भोंगा यांत कुणीही काटकसर करू नये.

नवा बर्फ घालतानाही घाई नको. स्लॅब तीन-चार दिवसांत हळूहळू गार करावा, मग तुषारांसारखे एकेक मिलिमीटरचे थर, त्यावर पांढरा रंग, रेघा आणि पुन्हा पातळ थर. हॉकीसाठी पृष्ठभाग उणे ५-६ अंशांवर ठेवावा. त्याहून गार ठेवला की वीज वाया जाते आणि बर्फ ठिसूळ होऊन तुकडे उडतात.

उत्तराखंडच्या क्रीडा विभागाने जमिनीखालचे तापमान, हॉलमधली आर्द्रता आणि महिन्याची वीज हे तीन आकडे दरमहा जाहीर करावेत. महाराष्ट्राच्या क्रीडा विभागानेही आपल्या खेळाडूंसाठी तिथले सरावाचे तास वर्षभरासाठी आगाऊ विकत घ्यावेत. जूनमध्ये पावसाळी वीजबिल यायला लागेल, त्याआधी हा करार झाला पाहिजे.

– एक वाचक, पुणे