कॉर्सेट बेतण्याआधी श्वास मोजा

संपादक महोदय,

ऑपेराच्या ऐतिहासिक वेशभूषेवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. मखमल, लेस आणि भरतकामाबद्दल त्यात भरभरून लिहिले आहे. पण हे कपडे घालून मायक्रोफोनशिवाय, भरल्या वाद्यवृंदावरून गायचे असते, याचा त्यात उल्लेखच नाही. शिवणाऱ्याचे सगळे हिशेब तिथून सुरू होतात.

कॉर्सेटचेच, म्हणजे धड नाडीने आवळून धरणाऱ्या ताठ चोळीचेच पाहा. खालच्या बरगड्यांचे माप एकदा घेऊन भागत नाही. श्वास सोडून, सहज उभे राहून आणि पूर्ण श्वास भरून अशी तीन मापे लागतात. पहिल्या आणि तिसऱ्या मापात ५-६ सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. बेतायचे ते तिसऱ्यावर. पाठीमागे नाडीच्या दोन कडांमध्ये ५ ते ८ सेंटिमीटर फट सोडायची, आतून पट्टी लावायची आणि नाडी आवळताना गायिकेला एखादी लांब ओळ गायला सांगायची. ती गप्प उभी असताना आवळलेली नाडी गाताना हमखास काचते. इलॅस्टिक घालायचेच तर काखेखाली, शिवणीलगत; पुढे घातले की चोळीची सरळ रेघ मोडते. पुढची पोलादी पट्टी जरा लांब झाली तर गायिका बसताच ती वर सरकून छातीच्या हाडाला टोचते. म्हणून ट्रायल नुसती उभ्याने घेऊ नये. बसवून, गुडघ्यांवर आणि प्रवेशात आडवे व्हायचे असेल तर तसेही पाहावे. काही गायिकांना बरगड्यांना घट्ट आधारच हवा असतो, त्यांना न विचारता सैल करू नये.

इतिहास किती पाळायचा? व्हेर्दी या इटालियन संगीतकाराच्या ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेराचा पहिला प्रयोग ६ मार्च १८५३ रोजी व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात झाला. व्हेर्दींना समकालीन पोशाख हवे होते, पण कथा १७००च्या सुमारास ढकलली गेली. आता १८५०च्या दशकातले पोशाख करायचे म्हटले, तर १८५३ साली घेर परकरांच्या थरांनीच येत असे. पोलादी कड्यांचा सांगाडा १८५६च्या सुमारास आला. पाच-सहा परकरांचे नेफे कमरेवर एकावर एक आले की श्वासाची नेमकी जागा आवळली जाते. माझ्या मते तिथे तीन वर्षांची चूक खुशाल पत्करावी आणि कड्यांचा सांगाडा वापरावा. ते मान्य नसेल तर सगळे परकर एकाच रुंद, सपाट पट्टीला जोडून वजन खांद्यांवरच्या पट्ट्यांवर टाकावे. बाहेरून आकार तोच दिसतो.

पुरुषांच्या उंच गळपट्टीचे बटण इलॅस्टिकच्या फासावर घ्यावे, गाताना मान फुगते. बॉनेटने, म्हणजे हनुवटीखाली बांधायच्या टोपीने, कान झाकले तर वाद्यवृंद नीट ऐकू येत नाही. कानापाशी अस्तर कापून जाळी लावावी. हळुवार स्वरात टाफेटाची (कडक रेशमी कापडाची) सळसळ ऐकू येते, तेव्हा आतले परकर सुती बरे.

एकच निर्मिती वर्षानुवर्षे चालते आणि गायक बदलत राहतात. म्हणून शिवणीत ४-५ सेंटिमीटर माया (आत दुमडलेले जादा कापड) आणि हुकांसाठी दोन-तीन रांगा ठेवाव्यात.

आणि तालमीचा साधा कॉर्सेट, घेरदार परकर व टाचांचे बूट पहिल्या दिवसापासून द्यावेत. कॉर्सेट थेट रंगीत तालमीलाच अंगावर चढला तर बसवलेल्या श्वासाच्या जागा हलतात, आणि तेव्हा उसवून शिवायला वेळ उरलेला नसतो.

– वेशभूषेच्या कामातील एक वाचक